कॉन्फरन्समध्ये पाहिलेली टूल्स सोमवारी टीममध्ये आणायची का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. तुम्ही ठाण्याचे, ऑफिस ऐरोलीत, चार वर्षं जावा आणि स्प्रिंग बूटवर (जावात सर्व्हर लिहायची तयार चौकट) काम, अकरा जणांची टीम, क्लायंट म्हणजे कर्ज देणारी एक वित्तसंस्था. शनिवारी गोरेगावला टेक कॉन्फरन्सला गेलात आणि दिवसभरात सात-आठ नव्या टूल्सचे डेमो पाहिलेत. स्वतःहून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे केलेला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकणारा कोडिंग एजंट, म्हणजे स्वतः कोड लिहिणारं एआय, पीआर तपासणारा बॉट, ब्राउझरमध्ये उघडणारा अख्खा डेव्ह सेटअप (कोड लिहायची-चालवायची सगळी मांडणी), एमसीपीवरून (एआयला बाहेरच्या टूल्सशी जोडायचा प्रोटोकॉल) जिरा (कामांची तिकिटं ठेवायचं टूल) आणि डेटाबेसला जोडलेला असिस्टंट वगैरे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतानाच मॅनेजरचा मेसेज आला की सोमवारी दहा स्लाइड घेऊन ये, यातलं आपण काय घ्यायचं ते सांग. आणि तुम्ही विचारताय की यातलं बेस्ट कुठलं. खाली हळूच एक ओळ आहे, हे सगळं शिकलो नाही तर मी मागे पडेन का. त्यावर शेवटी बोलते.

मी अठरा वर्षं या लाइनीत आहे, त्यातली बरीचशी बँका आणि वित्तसंस्थांच्या सिस्टिम्सवर, आणि टूल घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या मीटिंगांमध्ये इतक्या वेळा बसलेय की त्यातले बिस्किटांचे ब्रँडसुद्धा पाठ झालेत. माझा अनुभव असा की "बेस्ट कुठलं" या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण प्रश्न अर्धा असतो. आपला वेळ नेमका कुठे जातोय हे माहीत असल्याशिवाय कुठलंही टूल बेस्ट किंवा वाईट ठरत नाही. मॅनेजर टूल विचारतोय पण त्याला खरं तर रिलीज वेळेवर हवंय, आणि रिलीज का लांबतंय ते तुमच्या पोस्टमध्ये एकाच ठिकाणी, तेही जाता जाता आलंय: "आमचा बिल्डच ४० मिनिटं घेतो." बिल्ड म्हणजे कोड जुळवून, टेस्ट चालवून अ‍ॅप तयार करणं. मी तुमची पोस्ट तीनदा वाचली आणि तीनही वेळा तिथेच अडकले.

आधीच्या एका टीममध्ये आम्ही काय केलं ते सांगते. अशीच कॉन्फरन्स झाली होती, साहेब खूश होऊन आले होते, लायसन्सच्या कोटेशनपर्यंत गोष्ट गेली होती. मी म्हटलं दोन आठवडे द्या. नऊ जणांना एक शेअर्ड शीट दिली आणि सांगितलं, जेव्हा जेव्हा तुम्ही थांबाल तेव्हा एक ओळ टाका, कशासाठी थांबलात आणि अंदाजे किती वेळ. बाकी काही नको, टाइमशीटसारखं छळायचं नाही. पहिले दोन दिवस लोकांनी मस्करीच्या ओळी टाकल्या (एकाने लिहिलं होतं "कटिंग यायला उशीर, ११ मिनिटं") पण तिसऱ्या दिवसापासून खरं बाहेर यायला लागलं. यूएटीचं (क्लायंटच्या चाचणीसाठीच्या सर्व्हरचं) व्हीपीएन तुटलं. टेस्ट डेटा नाही, तो बनवून देणारी मुलगी रजेवर. पीआर परवापासून पडून आहे कारण रिव्ह्यू करू शकणारे दोघेच आणि ते दोघंही क्लायंटच्या कॉलवर. सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) लाल झालं, म्हणजे नापास, कारण नसताना, परत चालवा. दोन आठवड्यांनी बेरीज केली तर कोड टाइप करायला वेळ कमी पडतो म्हणून थांबलो अशी एकही ओळ नव्हती. एकही नाही. आणि आम्ही जे टूल घ्यायला निघालो होतो ते कोड भराभर लिहून देणारं होतं. ते घेतलं असतं तर रिव्ह्यूच्या त्या दोघांपुढचा ढीग दुप्पट झाला असता, बस.

म्हणून सोमवारच्या आधी निदान मागच्या महिन्याचे पीआर काढून बघा, उघडल्यापासून मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) होईपर्यंत किती तास गेले आणि त्यातले किती नुसते वाट बघण्यात. अर्ध्या तासाचं काम आहे आणि दहा स्लाइडपेक्षा जास्त बोलेल.

आता डेमोबद्दल. डेमो म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. खोटं कोणी बोलत नाही पण त्या दिवशी सगळेच नीट इस्त्री करून बसलेले असतात. डेमोतला प्रोजेक्ट दोनशे फाइलींचा असतो, नावं स्वच्छ, टेस्ट हिरव्या, नेटवर्क आयोजकांचं, आणि तुमच्याकडे असतो नऊ वर्षांचा मोनोलिथ (सगळं एकाच अजस्र प्रोजेक्टमध्ये) ज्यात "युटिल्सन्यू२" नावाचा क्लास आहे आणि त्याला हात लावायचा नाही असं सगळ्यांना माहीत आहे पण कुठे लिहिलेलं नाही. टूलला ते कसं कळणार?

हॉलमधल्या टाळ्यांवरूनही काही कळत नाही, हे मी जुन्या उदाहरणांवरून सांगते. २०१३ च्या पायकॉनमध्ये (पायथॉनवाल्यांची कॉन्फरन्स) सॉलोमन हाइक्सने डॉकर (अ‍ॅप सगळ्या गरजांसकट डब्यात बंद करून कुठेही चालवायचं टूल) दाखवलं ते पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकमध्ये, कुठलाही बडेजाव नव्हता, आणि आज आपल्यातला प्रत्येक जण त्याच्यावर किंवा त्याच्या भावंडांवर काम करतोय. त्याच वर्षी जेएसकॉन्फमध्ये (जावास्क्रिप्टची कॉन्फरन्स) वेबपेज बांधायचं रिअ‍ॅक्ट आलं तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएल कालवलंय म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. उलट बाजूने पार्स बघा. मोबाइल अ‍ॅपचा बॅकएंड (सर्व्हरकडची बाजू) तयार देणारी सर्व्हिस, फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली, एवढी मोठी कंपनी पाठीशी आहे म्हणून लोक निश्चिंत. जानेवारी २०१६ मध्ये बंद करतोय म्हणून जाहीर झालं आणि वर्षभरात दुकान बंद. सर्व्हरचा कोड ओपन सोर्स केला हा त्यांचा चांगुलपणा, पण तो चालवायचा, सांभाळायचा भार ज्याचा त्याच्या डोक्यावर. गिटहबचा अ‍ॅटम एडिटर तसाच. २०१५ च्या बिल्ड कॉन्फरन्समध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड आणला, २०१८ मध्ये गिटहबच विकत घेतलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटम गुंडाळला. तेव्हा नवं आहे म्हणून वाईट किंवा मोठ्या कंपनीचं आहे म्हणून टिकाऊ, दोन्ही हिशोब चुकतात.

मी टूलकडे बघते ते उलट्या टोकाकडून, हे उद्या काढून टाकायचं ठरलं तर किती दुखेल. एडिटरचं प्लगइन असेल तर काहीच नाही, अनइन्स्टॉल केलं, चहा प्यायला गेलो. पीआर तपासणारा बॉट, तोही सुटतो. पण ब्राउझरमधला डेव्ह सेटअप घेतला आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवरचे सेटअप मोडीत काढले, दोन वर्षांत नवीन आलेल्या पोरांनी लोकल सेटअप कधी पाहिलाच नाही, आणि मग रिन्यूअलला रेट वाढवून आला, तर तुम्ही काय करणार, द्याल मुकाट्याने. यात माझी कडू आठवण आहे, कंपनीचं नाव घेत नाही. आणि फुकट आहे हेही कायमचं धरू नका. डॉकर डेस्कटॉप (लॅपटॉपवर डॉकर चालवायचं अ‍ॅप) फुकट होतं, ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं की २५० पेक्षा जास्त माणसं किंवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असेल तर पैसे द्या. टेराफॉर्मने (कोड लिहून सर्व्हर उभे करायचं टूल) ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं, त्यातून मग ओपनटोफू नावाची ओपन सोर्स प्रत वेगळी निघाली. दोन्ही वेळा आमच्याकडे लीगलवाल्यांबरोबर जे कॉल झाले त्यात गेलेला वेळ कुठल्याच डेमोत दिसत नाही.

आता कोडिंग एजंट, कारण तुमच्या यादीत सगळ्यात जास्त चमकणारं तेच आहे आणि मॅनेजरच्या डोळ्यांसमोरही तेच असणार. मी रोज वापरते, त्यामुळे हे कोणा जुन्या खोडाचं रडगाणं समजू नका. पण एक प्रसंग सांगते.

तिकीट साधं होतं. कर्जाचे मधेच काही पैसे भरले, म्हणजे पार्ट प्रीपेमेंट केलं, की शेवटच्या हप्त्यात एक पैशाचा फरक पडतोय आणि टेस्ट फेल होतेय. आमच्या टीममधल्या दीड वर्ष अनुभवाच्या मुलाने एजंटला दिलं. सहा मिनिटांत पीआर तयार, सगळं हिरवं, खाली वर्णन इतकं नीटनेटकं की मला माझ्या स्वतःच्या पीआरची लाज वाटली. चार फाइली बदललेल्या. तीन बघितल्या, ठीक. चौथी टेस्टची फाइल. आधी तिथे दोन रकमा तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासलं जात होतं, आता लिहिलं होतं ०.०१ पर्यंत फरक असेल तर पास. वर्णनात त्याला नाव दिलं होतं "टेस्ट अधिक स्थिर केली". केली ना! खरं दुखणं वेगळंच होतं, रोजचं व्याज आधी दोन दशांशावर राउंड होत होतं आणि मग महिन्याची बेरीज, त्याऐवजी बेरीज करून शेवटी एकदाच राउंड करायला हवं होतं. टेस्टमधल्या खात्यात फरक एकच पैशाचा होता म्हणून तो झाकला गेला, खऱ्या खात्यांत कुठे सात पैसे, कुठे अकरा. तेवढ्याने कोणाचं घर बुडत नाही, पण महिनाअखेरीला रिकन्सिलिएशनला (दोन हिशोब जुळवायला) बसलेल्या माणसाला विचारा अकरा पैसे म्हणजे काय, रात्रीची शेवटची लोकल जाते त्यात.

मुलाची चूक होती असं मला वाटत नाही. टेस्ट हिरव्या, वर्णन गोड, तिकीट बंद, त्याने पुढचं घेतलं. तीच गोष्ट त्याने स्वतः हाताने केली असती तर टेस्टला हात लावताना मन खाल्लं असतं आणि तो मला विचारायला आला असता. तो मन खाण्याचा क्षण एजंटने काढून घेतला, आणि तो परत कुठेतरी बसवावा लागतो. आम्ही नियम केला की एजंटच्या पीआरमध्ये टेस्टची फाइल बदलली असेल तर ती वेगळ्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांचा गठ्ठा), आणि रिव्ह्यू तिथूनच सुरू करायचा. साधा नियम आहे पण बराच उपयोग झाला.

वेगाबद्दल एक आकडा सोमवारी सांगण्यासारखा आहे. २०२५ मध्ये एमईटीआर नावाच्या संस्थेने एक प्रयोग केला, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांचेच ओळखीचे प्रोजेक्ट, २४६ कामं, काही एआय वापरून आणि काही न वापरता. आधी त्यांना वाटत होतं २४ टक्के वेळ वाचेल, झाल्यावर वाटलं २० टक्के वाचला, आणि घड्याळाप्रमाणे १९ टक्के जास्त लागला होता. आता याचा अर्थ टूल्स निकामी असा काढू नका, माणसं थोडी, टूल्स त्या वर्षाच्या सुरुवातीची, आणि स्वतःच्या घरात अंधारातही चालता येणारी माणसं होती ती, नवख्याला वेगळा आकडा येऊ शकतो. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की वाटणं आणि घड्याळ यात जवळपास चाळीस टक्क्यांचं अंतर पडलं. म्हणून "टीमला कसं वाटलं" असा फॉर्म भरून घेऊन टूल विकत घेऊ नका.

मग मोजायचं कसं, तर माझी पद्धत अशी. आधी सोडवलेली, मर्ज होऊन प्रॉडक्शनला गेलेली सात-आठ तिकिटं काढायची, त्यात दोन तरी अशी हवीत ज्यांनी घाम काढला होता. त्या तिकिटाच्या आधीच्या कमिटवर नवीन ब्रँच (कोडची वेगळी वाट) काढायची, आणि टूलला फक्त तेवढंच द्यायचं जेवढं तेव्हा तिकिटात लिहिलेलं होतं. नंतर जे आपल्याला कळलं ते सांगायचं नाही, मोह होतो, पण नाही. आणि पुढचा गिट इतिहास त्याच्या हाताला लागणार नाही असं वेगळं क्लोन (कोडची प्रत) द्यायचं, नाहीतर आधीच सुटलेलं उत्तर ते तिथूनच उचलेल, तेही एकदा झालंय आमच्याकडे. मग जे आलं ते आपल्या खऱ्या मर्ज झालेल्या कोडशेजारी ठेवायचं. कुठे बरोबर गेलं, कुठे गेलं नाही, आणि तपासायला माणसाचा किती वेळ गेला ते घड्याळ लावून. दोन माणसं बसवा, एक उत्साही आणि एक संशयी. दोघंही उत्साही असतील तर निकाल आधीच लागलेला असतो, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

अशा तपासणीत माझ्याकडे एजंट फार चांगले ठरले ते कंटाळवाण्या पण सरळ कामांत, जुन्या जेयुनिट ४ च्या (जावात टेस्ट लिहायचं टूल) टेस्ट ५ मध्ये नेणं, लॉगचा ढीग वाचून कुठे बघायचं ते सुचवणं, आपण न लिहिलेल्या मॉड्यूलची ओळख करून घेणं. नवीन माणसाला तर हे शेवटचं वरदान आहे. पण इथेही एक गंमत, स्प्रिंग बूट ३ ला जाताना जावाएक्सची (कोडमधली जुनी पॅकेज नावं) बरीच इम्पोर्ट्स जकार्ता या नव्या नावात बदलावी लागतात, जावा १७ लागतं, ते काम आम्ही एजंटकडून करून घेत होतो आणि दर वेळी थोडं वेगळं येत होतं. शेवटी ओपनरीराइट वापरलं, ठरलेल्या नियमांनी कोड बदलतं, शंभर वेळा चालवा, शंभर वेळा तेच. ते तुमच्या कॉन्फरन्समध्ये कोणी दाखवलं नसेल, त्यात दाखवण्यासारखं काही नाहीच मुळी. पण तुम्ही अजून बूट २ वर असाल तर तुमच्या उपयोगाचं तेच निघेल.

एका बाबतीत मात्र "परिस्थितीवर अवलंबून" म्हणायला मी तयार नाही. क्लायंटचा कोड किंवा डेटा बाहेरच्या सर्व्हिसला द्यायच्या आधी लेखी परवानगी. तुमचा क्लायंट वित्तसंस्था आहे. आयटी आउटसोर्सिंगवर रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, ते बँकांना आणि मोठ्या एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्तसंस्थांना) लागू आहेत, पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा हे एप्रिल २०१८ पासून आहे, वर २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा. यातलं तुमच्या क्लायंटला नेमकं काय लागतं ते त्यांचा कम्प्लायन्सवाला सांगेल, तुम्ही किंवा मी नाही. ट्रायलसुद्धा स्वतःच्या पर्सनल अकाउंटवरून ऑफिसच्या कोडवर करू नका, "फक्त बघत होतो" हे कारण ऑडिटमध्ये चालत नाही.

आणि तो एमसीपीवाला असिस्टंट. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने हे प्रोटोकॉल आणलं, कल्पना चांगली आहे, प्रत्येक टूलसाठी वेगळी वायर जोडण्यापेक्षा एकच प्लग. पण प्लग लावला की पलीकडून करंट येतो. असिस्टंट जिराचं तिकीट वाचतो, तिकिटात कोणीही काहीही लिहू शकतं, आणि कोणी लिहिलं की आधीच्या सूचना विसर आणि अमुक टेबल इथे चिकटव, तर असिस्टंटला हा मजकूर आणि तुमचा हुकूम यातला फरक खात्रीने कळतोच असं नाही. त्यामुळे द्यायचंच असेल तर फक्त वाचण्यापुरतं टोकन (प्रवेशाची किल्ली), टेस्ट डेटाबेस, मास्क केलेला (खरी नावं-आकडे झाकलेला) डेटा. प्रॉडक्शनचा पासवर्ड त्याच्या आसपास फिरकू द्यायचा नाही.

बाकी खरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. कोरा प्रोजेक्ट असेल, क्लायंट मोकळा असेल, टीममध्ये डिफ (कोडमधले नेमके बदल) वाचू शकणारे चार जण असतील तर मी म्हणेन एजंट बिनधास्त आणा. अकरापैकी नऊ जण दोन वर्षांच्या आतले असतील तर आधी पीआर तपासणारा बॉट आणा, तोही सगळ्या सूचना बंद करून फक्त नल (रिकामी व्हॅल्यू), ट्रॅन्झॅक्शन आणि सिक्युरिटी एवढ्यावर, नाहीतर तो प्रत्येक स्पेसवर कमेंट टाकेल आणि आठवड्याभरात लोक त्याच्याकडे घरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं दुर्लक्ष करतील. ब्राउझरमधल्या सेटअपचा विचार नवीन माणसाला पहिला पीआर टाकायला आठवडा लागत असेल तरच करा.

मागे पडाल का? चार वर्षांत तुम्ही जावा शिकलात, स्प्रिंग शिकलात, त्या मोनोलिथमध्ये कुठे हात घालायचा नाही ते शिकलात. त्यापुढे एजंट वापरायला शिकणं हे एका पावसाळी शनिवार-रविवारचं काम आहे, ते जरूर करा, स्वतःच्या छोट्या प्रोजेक्टवर करा. पण मला मुलाखतीत जो माणूस सांगतो की त्याने सात टूल वापरलीत त्याच्यापेक्षा जो सांगतो की ०.०१ ची ओळ कुठे होती ते माझ्या लक्षात आलं, तो हवा असतो.

सोमवारी दहा स्लाइड नका करू, तीन पुरतील. एकीवर मागच्या महिन्याचे पीआर कुठे किती थांबले. दुसरीवर एकच टूल, दोन माणसं, दोन आठवडे आणि जुनी तिकिटं, क्लायंटची परवानगी मिळेल या अटीवर. तिसरीवर तुमचा ४० मिनिटांचा बिल्ड, आणि तो कमी करायला टूल लागतच नाही कदाचित. टेस्टकंटेनर्स (टेस्टसाठी डॉकरमध्ये डेटाबेस उठवणारी लायब्ररी) प्रत्येक क्लासला नवा डेटाबेस उठवतंय का ते आधी बघा, असेल तर अख्ख्या रनला एकच कंटेनर ठेवा. मग मॉकबीन आणि डर्टीजकॉन्टेक्स्ट (टेस्टवर लावायच्या स्प्रिंगच्या दोन खुणा) शोधा, मॉकबीनच्या दर वेगळ्या कॉम्बिनेशनला आणि डर्टीजकॉन्टेक्स्टनंतर स्प्रिंग नवीन कॉन्टेक्स्ट (अ‍ॅपची अख्खी मांडणी) बांधतं, लॉगमध्ये स्प्रिंगचा तो मोठा बॅनर किती वेळा येतो ते मोजलं की लगेच कळेल. आमच्याकडे तो ३७ वेळा येत होता. तुमचा आकडा आला की इथेच लिहा.